आपल्या भागातली कामे आपण कशी पाहता? (पुणे : मेट्रो, रस्ते, पदपथ)

पायवाट
रविवार, सकाळी 8:10

नमस्कार. मी कोथरूडला गेली 26 वर्षे राहते. कर्वे रस्त्यावर मेट्रोच्या कामासाठी पहिले पत्रे उभे राहिले, तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. सकाळी फिरून आल्यावर, चहा ठेवायच्या आधी, वाटेत जे काम चालू दिसले त्याची तारीख, जागा आणि दोन ओळी लिहायच्या, एवढाच नेम. खांबांसाठी घेतलेले खड्डे, रात्री ट्रेलरवरून येणारे सेगमेंट, म्हणजे मेट्रो पुलाचे काँक्रीटचे तयार भाग, नळ स्टॉपला खाली वाहनांचा पूल आणि त्यावर मेट्रो अशी दुमजली बांधणी, विसर्जन मिरवणुकीच्या रथांच्या उंचीवरून लकडी पुलापाशी अडलेले आणि पुन्हा सुरू झालेले काम, हे सगळे त्यात आहे. 24 डिसेंबर 2016 ला भूमिपूजन झाले आणि 6 मार्च 2022 ला वनाज ते गरवारे महाविद्यालय पहिली गाडी धावली. त्या पानावर मी फक्त गाडी सुटल्याची वेळ आणि नातवाचे नाव लिहिले आहे.

परवा वही पहिल्यापासून वाचली, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. मोठ्या कामाच्या नोंदींना सुरुवात आहे, मध्य आहे आणि शेवटही आहे. माझ्याच गल्लीच्या नोंदींना शेवटच नाही. याच काळात आमची गल्ली चार वेळा उकरली गेली आणि दोनदा तिच्यावर डांबर पडले. कोपऱ्यावरच्या चेंबरचे झाकण 2019 साली रस्त्याच्या 4 सेंटिमीटर खाली होते, आज ते 11 सेंटिमीटर खाली आहे. नातवाची शाळेतली पट्टी उभी धरून मी स्वतः मोजले आहे. गेल्या पावसाळ्यात तिथे एक दुचाकीस्वार पडला, आणि त्याला उठवायला आम्ही धावलो तेव्हा माझ्या मनात पहिला विचार हाच आला की हे मला कित्येक वर्षांपासून माहीत होते.

म्हणून विचारते. आपण आपल्या भागातली कामे पाहता का? सामान्य माणसाने नेमके काय पाहावे, कुठे विचारावे, आणि त्याचा उपयोग होतो का?

मुठाकाठ
रविवार, सकाळी 9:35

ताई, वहीची कल्पना फार आवडली. मी छायाचित्रे काढतो. जिल्हा न्यायालय स्थानकाचे भुयारी काम चालू असताना दर महिन्याला एकाच जागेवरून एक छायाचित्र, असा माझा क्रम होता. ते स्थानक जमिनीखाली 33.1 मीटर आहे. पहिल्यांदा सरकत्या जिन्यांनी खाली उतरलो, तेव्हा आपण एखाद्या दहा मजली इमारतीत उलट्या दिशेने चाललो आहोत असे वाटले. 29 सप्टेंबर 2024 ला तिथून स्वारगेटपर्यंतचा टप्पा सुरू झाला. त्या आठवड्यात मी मंडई स्थानकातून वर आलो आणि समोर भाजीच्या पाट्या मांडलेल्या दिसल्या. पेठांच्या पोटातून, जुन्या वाड्यांना धक्का न लावता बोगदा नेणे ही माझ्या दृष्टीने या शहराने गेल्या दहा वर्षांत केलेली सर्वांत कठीण गोष्ट आहे.

मात्र आपण लिहिलेले वाचून माझा संग्रह तपासला. साडेतीन हजार छायाचित्रांत चेंबरचे एकही नाही, आणि पावसाळी गटाराची दोन आहेत.

निवृत्त_उपअभियंता
रविवार, सकाळी 11:20

मी सरकारी बांधकाम खात्यात 31 वर्षे काम केले. झाकण का खचते याचे उत्तर मला देता येईल, आणि ते द्यावे असे मला मनापासून वाटते, कारण या प्रश्नाकडे लोक रागाने पाहतात, पण कारण समजून घेत नाहीत.

पहिली गोष्ट भरावाची. खड्डा घेऊन नळ किंवा केबल टाकली की माती, मुरूम परत भरायचा असतो. तो 15 ते 20 सेंटिमीटरच्या थरांत भरायचा, प्रत्येक थरावर पाणी मारायचे, धुम्मस करायची, म्हणजे ठोकून घट्ट दाबायचा, आणि मगच पुढचा थर घालायचा. दीड मीटर खोल चर असेल तर हे काम सात-आठ वेळा करावे लागते. काम उरकण्याच्या घाईत सगळा राडारोडा एकदम लोटून वरून खडी पसरली, तर वर कितीही चांगले डांबर टाका, पहिल्या पावसात तो पट्टा बसणारच. गल्लीतला लांबलचक, सरळ खळगा पाहिला की समजावे, याच्याखाली चर आहे.

दुसरी गोष्ट पातळीची. जुना थर खरवडून न काढता नवा थर टाकला की रस्ता दरवेळी तीन-चार सेंटिमीटर वर चढतो आणि झाकण तिथेच राहते. आपल्या 4 चे 11 झाले ते असे. चेंबर उचलून रस्त्याच्या पातळीला घेणे ही अंदाजपत्रकात वेगळी बाब असते. ती धरलीच नसेल, तर डांबराचा ठेकेदार ते काम करणार नाही, आणि नियमाने त्याला तसे सांगताही येणार नाही.

तिसरी गोष्ट क्रमाची. सर्वांत खोल मलवाहिनी, मग पावसाळी गटार, मग पाण्याची वाहिनी, शेवटी वीज आणि तारा, आणि हे सगळे झाल्यावर रस्ता. प्रत्येक खात्याचे पैसे वेगवेगळ्या वर्षी येतात म्हणून हा क्रम मोडतो. शक्य तिथे पदपथाखाली तारांसाठी डक्ट, म्हणजे पोकळ नळी, ठेवून द्यावी, म्हणजे नंतर कोणालाही रस्ता फोडावा लागत नाही. खोदाईची परवानगी साधारण 30 एप्रिलपर्यंत असते आणि मे महिना दुरुस्तीचा. त्यामुळे नागरिकाने पाहण्याचा खरा महिना मे. उद्घाटने पाहू नका, भराव पाहा.

शनिपारकर
रविवार, दुपारी 1:05

माझे लक्ष्मी रस्त्यावर कापडाचे दुकान आहे, वडिलांच्या काळापासून. 11 डिसेंबर 2021 ला पहिल्यांदा पादचारी दिन झाला आणि आमच्या भागातला रस्ता वाहनांना बंद ठेवला, तेव्हा मी विरोधात सही केली होती. गिऱ्हाईक गाडी लावायला जागा नसेल तर येणार नाही, असे माझे ठाम मत होते. त्या दिवशी दुकानापुढे रांगोळी होती, मुले रस्त्याच्या मधोमध खेळत होती, आणि एक आजी दुकानाच्या पायरीवर बसून मला म्हणाल्या की लग्नाच्या शालूनंतर आज पहिल्यांदा या रस्त्यावर मान वर करून चालले. त्या दिवसाचा गल्ला वाईट नव्हता. तरी एका दिवसावरून वर्षाचे ठरवता येत नाही, असे मी आजही म्हणेन. पण तेव्हापासून मी दुकानातून बाहेर पाहू लागलो आहे. पदपथावर काय अडथळा आहे हे मला आता दिसते, आणि त्यातला एक माझाच होता. दुकानाबाहेर ठेवलेला तो कपड्यांचा पुतळा मी आत घेतला.

हद्दीबाहेरचा
रविवार, रात्री 9:40

सर्वांचा आदर ठेवून लिहितो. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे शहराच्या हद्दीत आली. त्यांपैकी एका गावात मी राहतो. आमच्याकडे बारा मजली इमारती आहेत आणि त्यांच्या दारापर्यंत येणारा रस्ता बैलगाडीच्या वहिवाटीचा आहे. मलवाहिनी नाही, पाणी टँकरने येते. आपण सेंटिमीटरचा हिशोब मांडत आहात ते योग्यच आहे, पण आम्ही काय मोजावे? पदपथाची उंची मोजायला आधी पदपथ लागतो. शहराच्या कौतुकाची सगळी छायाचित्रे नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंतचीच असतात, आणि आमच्यासारख्या लाखो लोकांचे रोजचे दोन तास जिथे जातात तिथे कोणी कॅमेरा घेऊन येत नाही.

मुठाकाठ
रविवार, रात्री 10:15

आपला मुद्दा मान्य आहे. पुढच्या रविवारी मी येतो. कुठून सुरुवात करावी ते सांगा.

पायवाट
सोमवार, सकाळी 7:30

दादा, आपण लिहिलेत ते मला लागले, आणि लागायलाच हवे होते. मी एवढेच म्हणेन की टँकरसुद्धा मोजता येतात. दिवसाला किती, कोणत्या वेळी, कोणत्या वळणावर अडकतात. पाण्याची वाहिनी मागताना ती नोंद हाताशी असली तर उपयोग होईल.

निवृत्त_उपअभियंता
सोमवार, सकाळी 10:50

हद्दीबाहेरचा यांच्या प्रश्नाला माझ्याकडे थोडे उत्तर आहे. नव्या भागात काँक्रीट पाहण्याआधी जमिनीचा ताबा पाहावा. विकास आराखड्यात रस्त्याची रेघ असते, पण ती जागा खाजगी मालकाची असते. त्याने विकास हक्क, म्हणजे दुसरीकडे जादा बांधकाम करण्याचा हक्क, ज्याला आपण टीडीआर म्हणतो तो, घेऊन जागा दिली तर काम पुढे सरकते, आणि त्याला रोख मोबदला हवा असेल तर पैशांसाठी थांबावे लागते. कात्रज-कोंढवा रस्ता आराखड्यात 84 मीटर रुंद होता. भूसंपादनाचा भार पेलेना म्हणून आधी 50 मीटरच करायचा असे ठरले. मधले दोन-चार प्लॉट ताब्यात नसतील तर दोन्ही बाजूंनी तयार झालेला रस्ताही निरुपयोगी असतो. अशा तुटलेल्या दुव्यांना खात्यात ‘मिसिंग लिंक’ म्हणतात. आपल्या रस्त्यावर कोणत्या गटाचा, म्हणजे जमिनीच्या कोणत्या तुकड्याचा, ताबा राहिला आहे, हा एकच प्रश्न लेखी विचारा. ‘रस्ता केव्हा होणार’ या प्रश्नाला कोणीही उत्तर देऊ शकत नाही, पण ताब्याच्या प्रश्नाला उत्तर द्यावेच लागते.

धरमपेठची_सून
सोमवार, दुपारी 3:20

मी नागपूरची आहे, तरी लिहिते, कारण पातळीचा प्रश्न आमच्याकडे याहून मोठा आहे. आमच्या भागात सिमेंटचे रस्ते झाले. रस्ता मजबूत आहे, खड्डा नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण आमच्या गल्लीत तो अंगणापेक्षा जवळजवळ हातभर उंच झाला. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी वस्त्यांत शिरली. आमचे घर नदीपासून लांब आहे, पण पावसाचे पाणी अंगणात साचले आणि रस्ता उंच असल्यामुळे ते बाहेर जाईना. सासूबाईंच्या लग्नातली लाकडी पेटी तीन दिवस पाण्यात राहिली. रस्त्याचे काम चालू असताना कडेला उभे राहून मी ते कौतुकाने पाहिले होते. रस्त्याची नवी पातळी आमच्या उंबऱ्याच्या वर जाते आहे का, हे पाहायचे मला सुचले नाही. आपल्या गल्लीत सिमेंट पडणार असेल तर हे आधी पाहा.

चाकखुर्ची
सोमवार, रात्री 8:55

माझी आई पाच वर्षांपासून चाकाच्या खुर्चीत आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत पदपथाची उंची जास्तीत जास्त 150 मिलिमीटर आणि चालायला मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर सांगितली आहे. हे दोन आकडे मला पाठ आहेत, कारण खुर्ची ढकलताना ते हातांना कळतात. जंगली महाराज रस्त्याचा पदपथ रुंद केल्यानंतर मी आईला बालगंधर्वपासून संभाजी उद्यानापर्यंत एका दमात नेले. ती वाटेत एका बाकाशी थांबवायला सांगून दहा मिनिटे नुसती माणसे पाहत बसली. त्यानंतर किती तरी दिवस ती त्याच सहलीविषयी बोलत होती.

आमच्या घराजवळ मात्र पदपथ दर वीस पावलांवर इमारतीच्या फाटकासाठी खाली उतरतो आणि पुन्हा चढतो. दुचाकी येऊ नयेत म्हणून तोंडाशी लोखंडी खांब रोवले आहेत. ते इतके जवळजवळ आहेत की खुर्चीही जात नाही. दुचाकीवाले मात्र फाटकाच्या उतारावरून येतातच. माझी विनंती आहे की ज्यांना पाहायचे आहे त्यांनी एकदा बाळाची ढकलगाडी किंवा सामानाची चाकाची बॅग घेऊन आपल्या रस्त्यावरून चालावे.

गर्डर_पाहणारा
मंगळवार, सकाळी 6:45

चांदणी चौकातला जुना पूल 2 ऑक्टोबर 2022 च्या मध्यरात्रीनंतर पाडला, तेव्हा मी दूरच्या टेकडीवर होतो. स्फोट झाला, धूळ उडाली, आणि धूळ बसल्यावर पूल अर्धवट उभाच होता. उरलेला भाग यंत्रांनी पाडावा लागला. त्यातल्या सळ्यांचे जाळे पाहून एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, ‘बांधणाऱ्याने मन लावून बांधला होता.’ 12 ऑगस्ट 2023 ला नवा चौक खुला झाला. गाडीने जाणाऱ्याला तो नक्कीच सोयीचा आहे. पण चाकखुर्ची यांनी लिहिल्यावर आठवले की तिथे पायी रस्ता ओलांडायच्या सोयीसाठी लोकांना नंतर मागणी करावी लागली. इतकी वर्षे नकाशे पाहत असूनही मी त्या नकाशावर पादचाऱ्याची रेघ शोधली नव्हती.

कसब्यातला
मंगळवार, सकाळी 9:10

जंगली महाराज रस्त्याचा विषय निघालाच आहे तर 1976 च्या रस्त्याविषयीही लिहायला हवे. रेकाँडो कंपनीने 10 वर्षांची हमी देऊन तो केला आणि कित्येक पावसाळे त्याला खड्डा पडला नाही. मग तसे रस्ते आज का होत नाहीत?

निवृत्त_उपअभियंता
मंगळवार, दुपारी 12:30

हा प्रश्न मला प्रत्येक लग्नात विचारला जातो, आणि मी प्रत्येक वेळी मनापासून उत्तर देतो. गरम डांबरमिश्रित खडी साधारण दीडशे अंश तापमानाची असते. ती पसरून, 90 अंशांच्या खाली जाण्याआधी तिच्यावरचे रोलिंग संपले पाहिजे. रात्री थंडीत, लांबच्या प्लांटवरून आलेला गार माल पसरला तर तो दाबला जात नाही आणि त्यात पाणी मुरते. पाणी हाच डांबराचा शत्रू आहे. त्या रस्त्याचे रहस्य विचाराल तर चांगला माल, योग्य वेळी दाबलेला थर, पाणी कडेला नेणारा उतार, आणि रस्ता झाल्यावर तो न फोडण्याचा निश्चय. पहिल्या तीन गोष्टी आजही पैसे देऊन मिळतात. चौथीसाठी सगळ्या खात्यांनी एकत्र बसावे लागते, आणि ते बसत नाहीत याचे मला नोकरीत असतानाही दुःख होते.

पाऊस पडत असताना आपल्या गल्लीत छत्री घेऊन दहा मिनिटे उभे राहा. पाणी मध्यातून कडेला जाते, की कडेचे पाणी मध्यात येते, एवढे पाहिले तरी त्या रस्त्याला आणखी किती आयुष्य आहे ते समजेल.

सोमवारची_फाइल
मंगळवार, सायंकाळी 6:00

मूळ प्रश्नातला ‘कुठे विचारावे’ हा भाग राहिला आहे. माहिती अधिकाराचा अर्ज हा एक मार्ग आहेच. त्याखेरीज पुणे महापालिकेत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना कागदपत्रे पाहता येत असत; ही सोय सध्या आहे का, ते आधी विचारून घ्यावे. मी अनेकदा गेले आहे. जाताना रस्त्याचे नाव आणि कामाचे साधारण वर्ष घेऊन जावे. कार्यारंभ आदेश, अंदाजपत्रक आणि मोजमापाची नोंद, ही तीन कागदपत्रे मागावीत. दोषदायित्व कालावधी किती आहे ते नक्की पाहावे, कारण तो संपला नसेल तर ठेकेदाराने दुरुस्ती स्वखर्चाने करायची असते. अनेक कामे लोक नव्याने मागतात, आणि ती जुन्याच ठेक्यात फुकट होणार असतात.

शिवाय 2006 पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत आहे. आमच्या बसथांब्यापाशी पदपथाला उतार करून मिळाला तो अशाच एका अर्जातून.

हद्दीबाहेरचा
पुढचा रविवार, रात्री 8:20

मुठाकाठ आज खरोखर आले. आम्ही दोघे सकाळी 6 ते 10 रस्त्याच्या वळणावर उभे राहिलो आणि 41 टँकर मोजले. उपअभियंता साहेबांनी सांगितल्याप्रमाणे ताब्याचा प्रश्न लेखी दिला आहे. आमच्या रस्त्यात फक्त तीन गटांचा ताबा बाकी आहे, हे सोसायटीत कोणालाच माहीत नव्हते. त्यांपैकी एका मालकांची मुलगी आमच्याच इमारतीत राहते. सोसायटीच्या बैठकीला त्या मालकांना बोलावले आहे.

पायवाट
पाच आठवड्यांनंतर, शुक्रवार, सकाळी 8:00

सर्वांना कळवायचे होते. सोमवारची_फाइल यांच्या सांगण्याप्रमाणे मी जाऊन कागद पाहिले. गल्लीचे शेवटचे डांबरीकरण अजून दोषदायित्व कालावधीत आहे आणि अंदाजपत्रकात चेंबर उचलण्याची बाबही धरलेली आहे. वहीतल्या नोंदी आणि पट्टी उभी धरून काढलेली छायाचित्रे जोडून पत्र दिले. दोन वेळा जाऊन यावे लागले. काल दुपारी तीन माणसे आली, त्यांनी चौकट उचलली, विटा बसवल्या, काँक्रीट केले आणि झाकण रस्त्याच्या पातळीला घेतले. त्यांतल्या एका मुलाने पाणसळ ठेवून मला दाखवले, ‘बघा मावशी, आता पट्टी लागणार नाही.’ मी त्यांना चहा दिला.

ओल्या काँक्रीटवरून दुचाकी जाऊ नयेत म्हणून भोवती झाडाची फांदी आणि दगड ठेवले आहेत. सात दिवस पाणी मारायचे आहे. समोरच्या इस्त्रीवाल्या दादांनी सकाळची बादली घेतली आहे, संध्याकाळची माझ्याकडे.

निवृत्त_उपअभियंता
शुक्रवार, सकाळी 8:25

वर गोणपाट अंथरून ते ओले ठेवा. नुसते पाणी ओतले तर या उन्हात तासाभरात सुकते.